किनाऱ्यावरचा संसार

कलावंत आणि संसार यांचे जुळत नाही, अशी एक समजूत आपल्या समाजात फार दिवसांपासून घर करून राहिली आहे. चित्रकार म्हटला की केस वाढलेला, जेवणाखाण्याची शुद्ध नसलेला, माडीवरच्या खोलीचे दार आतून लावून बसलेला कोणी विक्षिप्त पुरुष आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. घरातील माणसांनी त्या दाराबाहेर पावले न वाजवता वावरावे, मुलांनी रडू नये, भांडी आपटू नयेत, एवढीच त्याच्या कलेत त्यांची भूमिका! साधनेसाठी घर सोडावे लागते, हा संस्कार आपल्याकडे पिढ्यान्पिढ्यांचा आहे. आणि ज्याला घर सोडवत नाही, त्याने निदान घराकडे पाठ तरी फिरवावी, अशी आपली मूक अपेक्षा असते.

या समजुतीला माझ्या मनात पहिला तडा गेला तो एका परदेशी चित्रकारामुळे. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर व्हॅलेन्सिया नावाचे शहर आहे. तेथे १८६३ साली जन्मलेला होआकिन सोरोया हा तो चित्रकार. त्याच्या चित्रांचा एक जाडजूड ग्रंथ काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आला. मी मराठीचा विद्यार्थी. रंगांचे शास्त्र मला अवगत नाही. पण समुद्र मला अवगत आहे. पेडणे तालुक्यातील ज्या गावात माझा जन्म झाला, तेथे रात्री निजताना लाटांचा आवाज ऐकू येतो आणि पावसाळ्यात घराच्या खिडक्यांच्या गजांना खारा गंज चढतो. त्या ग्रंथाची पाने उलटताना मला पहिल्यांदा जाणवले ते हे, की या माणसाला ओली पुळण ठाऊक आहे. पाणी नुकतेच ओसरले आहे आणि वाळू अजून आरशासारखी चकाकते आहे, तो क्षण त्याने नेमका पकडला आहे.

त्याचे पूर्वायुष्य मोठे करुण आहे. १८६५ साली व्हॅलेन्सियात पटकीची साथ आली आणि तीत त्याचे आईवडील दोघेही गेले. तेव्हा तो अवघ्या दोन वर्षांचा होता. धाकट्या बहिणीसह त्याला मावशीने सांभाळले. मावशीचे यजमान कुलपे-किल्ल्या करणारे कारागीर होते. मुलाने हातोडी आणि कानस धरावी आणि आपलाच धंदा पुढे चालवावा, असे त्यांना वाटणे स्वाभाविक होते. मुलाने कानस धरलीही. पण संध्याकाळी तो चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. पुढे गावातील एक नामांकित छायाचित्रकार, आंतोनिओ गार्सिया, यांच्याकडे तो कामाला राहिला. प्रकाश कोठून घ्यावा, माणूस चौकटीत कोठे उभा करावा, हे धडे त्याने तेथे गिरवले असणार. त्याच घरातील कन्या क्लोतिल्दे हिच्याशी १८८८ साली त्याचा विवाह झाला. त्यानंतर मारिया, होआकिन आणि एलेना ही तीन अपत्ये झाली. ज्याला स्वतःच्या आईचा चेहरा आठवण्याजोगा नव्हता, त्याने पुढे आयुष्यभर एका आईचे आणि तिच्या तीन मुलांचे चेहरे रंगवले. मला तरी त्याच्या सगळ्या चित्रसृष्टीचे मूळ येथे दिसते.

‘आई’ या नावाचे त्याचे एक चित्र आहे. १८९५ साली धाकटी एलेना जन्मली, तेव्हा त्याने ते आरंभले आणि १९०० साली पुरे केले. मोठ्या कॅनव्हासवर जवळजवळ सगळीकडे पांढरा रंग. पांढरी भिंत, पांढरी चादर, पांढऱ्या उशा. आणि त्या शुभ्र विस्तारात फक्त दोन डोकी, एक बाळंतिणीचे आणि एक बाळाचे. बाकी काही नाही. खोलीत दुसरे माणूस नाही, औषधाची बाटली नाही, खिडकीही नाही. मी हे चित्र आमच्या सौ.ला दाखवले. ती चित्रकलेच्या वाटेला कधी गेलेली नाही. तिने पान जरा लांब धरून पाहिले आणि म्हणाली, “अहो, हे पाचव्या-सहाव्या दिवसाचे आहे. तोपर्यंत अशी झोप येत नाही.” त्या चित्रावर पंडितांनी पुष्कळ लिहिले आहे, पण हे एक वाक्य मला त्यांत कोठे सापडले नाही. त्या पांढऱ्या रंगाला थकवा आहे आणि त्या थकव्यात समाधान आहे, हे ओळखायला बाळंतपण भोगलेले डोळेच हवेत. त्या खोलीत उभे राहून ते पाहणारा पुरुष मात्र दाराबाहेर हाकललेला नव्हता आणि त्यानेही दार लावून घेतले नव्हते, हे माझ्या मनावर ठसले.

आता त्याच्या चित्रशाळेकडे वळू. माद्रिदला त्याने पुढे मोठे घर बांधले. त्यात उंच छताची, वरून उजेड येणारी चित्रशाळाही होती. पण त्याची खरी चित्रशाळा म्हणजे व्हॅलेन्सियाची पुळण. उन्हाळा आला की हे कुटुंब माद्रिद सोडून समुद्राकडे निघे. कधी व्हॅलेन्सिया, कधी हावेआ, कधी उत्तरेकडचे सान सेबास्तियान किंवा फ्रान्सच्या हद्दीतील बियारित्झ. किनाऱ्यावर कॅनव्हास उभा केला जाई. तो लहानसहान नसे. दोन-दोन मीटर लांबीरुंदीचे कॅनव्हास त्याने वाळूत उभे केलेले आहेत. वाऱ्याने तो उडू नये म्हणून दोरांनी ताणून बांधायचा, झळ आणि वारा अडवण्यासाठी कापडाचे आडोसे उभारायचे, डोक्यावर छत्री धरायची आणि मग लांब दांड्याचे कुंचले घेऊन कामाला लागायचे. त्या काळातील छायाचित्रांत हा सगळा संभार दिसतो. कपडे मात्र सभ्य गृहस्थाचे. डोक्यावर टोपी, अंगात कोट. त्याच्या काही चित्रांच्या रंगांत किनाऱ्यावरच्या वाळूचे कण अडकलेले आढळले आहेत. वाऱ्याने उडालेली वाळू ओल्या तैलरंगावर बसली आणि तेथेच राहिली. समुद्राचे चित्र काढावे आणि समुद्राने त्यावर स्वतःची सही करावी, असाच हा प्रकार!

त्याला घाई असे. ज्याने किनाऱ्यावरचा उजेड पाहिला आहे, त्याला या घाईचे कारण सांगावे लागत नाही. पाण्याचा जो रंग आता आहे, तो अर्ध्या तासाने नसतो. ढग येतो, वारा पडतो, सूर्य हातभर सरकतो आणि सगळ्या सावल्या आपापल्या जागा बदलतात. म्हणून सोरोया वेगाने रंगवी. मोठ्या चित्राच्या आधी तो तळहाताएवढ्या फळ्यांवर व पुठ्ठ्यांवर रंगांच्या झटपट नोंदी करून ठेवी. अशा शेकडो नोंदी त्याच्यामागे राहिल्या आहेत. कोणीतरी वाकून शिंपले वेचते आहे, एक होडी आडवी पडली आहे, एक मूल पाण्याला घाबरून मागे वळले आहे. चार फटकाऱ्यांत सारे. १९११ साली तो अमेरिकेत होता तेव्हा हाती कागद नाही म्हणून उपाहारगृहातील पदार्थांच्या याद्यांच्या पाठीवरही त्याने समोरच्या मंडळींची रेखाटने केली. ही सवय पाहून मला आमच्याकडच्या जुन्या बायकांची आठवण येते. भाजी निवडताना, दळण टिपताना, मुलाला मांडीवर थोपटताना त्यांची ओवी चालू असे. कामाची वेळ निराळी आणि कलेची वेळ निराळी, हा भेद त्यांनाही ठाऊक नव्हता.

सोरोयाचा पांढरा रंग हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याच्या चित्रातील पांढरी वस्त्रे जवळून पाहिली तर त्यांत निव्वळ पांढरे फारच थोडे असते. निळा, जांभळा, पिवळसर, गुलाबी अशा छटा शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि चार पावले मागे सरताच त्यांचे लखलखीत पांढरे लुगडे बनते. सावली तर तो काळ्या रंगाने काढीतच नाही. वाळूवरची सावली जांभळी, पाण्यात उभ्या मुलाच्या पाठीवरची सावली निळी, आणि खालून परतलेल्या उजेडाने त्याच्या हनुवटीखाली नारिंगी. ‘शीड शिवताना’ या १८९६ सालच्या चित्रात अंगणात पसरलेले प्रचंड शीड कोळ्यांच्या बायका शिवीत आहेत. वर वेलींचा मांडव आहे आणि त्यातून गळणाऱ्या उन्हाचे कवडसे त्या पांढऱ्या कापडावर पडले आहेत. कपडा शिवण्याचे साधे घरकाम. पण एखाद्या उत्सवासारखे ते चित्रात उभे राहिले आहे.

या सावलीच्या रंगावरून एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. आमची शाळा किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. वर्गाच्या खिडकीतून समुद्र दिसतो. असे असून, ‘आपला गाव’ हा विषय चित्राला दिला की बहुतेक मुले काय काढतात? दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध उगवणारा सूर्य, डोंगरातून येणारी नागमोडी नदी, एक झोपडी आणि दोन माड! हा देखावा आमच्या तालुक्यात कोठेही नाही. तो कोणत्या तरी पुस्तकातून पिढ्यान्पिढ्या उतरत आला आहे. एका हिवाळ्यात चित्रकलेचे शिक्षक आणि मी सातवीच्या मुलांना घेऊन पुळणीवर गेलो. त्या वेळी रापण ओढणे चालले होते. दोन बाजूंना दोन ओळी, दोर खांद्यावर घेतलेली माणसे, पाण्यातून हळूहळू जवळ येणारे जाळे आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी. मुले खाली बसून काढू लागली. एका रापणकाराच्या मुलीने आपल्या आईला काढले. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली. आणि आईच्या पायांशी जी सावली होती ती तिने जांभळ्या खडूने रंगवली. शिक्षक म्हणाले, “सावली काळी असते ना गं?” मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सर, रेंव वली आसा न्हय? तातूंत मळब दिसता.” वाळू ओली आहे, तिच्यात आभाळ दिसते आहे!

मी काही बोललो नाही. शिक्षकही बोलले नाहीत. तिने ते कोणत्या ग्रंथातून घेतले नव्हते. रोज पहाटे आईबरोबर पुळणीवर जाऊन तिने ते पाहिले होते. दुसऱ्या दिवशी मी सोरोयाच्या चित्रांचे पुस्तक शाळेत नेले आणि त्यातील पाण्याच्या कडेला पालथ्या पडलेल्या तीन मुलांचे चित्र, १९१० सालचे, तिला दाखवले. तिने बोटाने सावल्यांवरून वळसा घातला आणि मान डोलावली. एखाद्या शेजाऱ्याचे बरोबर उत्तर तपासावे, तशी.

त्याचा किनारा आणि आमचा किनारा यांत फरकही आहेतच. व्हॅलेन्सियाचा समुद्र पूर्वेला. तेथे सूर्य पाण्यातून वर येतो आणि दुपारनंतरचे ऊन जमिनीकडून पाण्यावर पडते. आमच्याकडे संध्याकाळी सूर्य समोर पाण्यात बुडतो आणि पुळणीवरची माणसे काळ्या आकृत्यांसारखी दिसू लागतात. त्याच्या समुद्राला आपल्यासारखी मोठी भरती-ओहोटी नाही. आमच्याकडे दिवसातून दोनदा सगळा किनाराच जागा बदलतो. तेथे एके काळी मासेमारीच्या होड्या पाण्यातून ओढून काढण्यासाठी बैल जुंपत. ‘मासेमारीहून परत’ या १८९४ सालच्या त्याच्या भव्य चित्रात फुगलेल्या शिडाची होडी आणि फेसाळ पाण्यात उभी असलेली बैलजोडी आहे. आमच्याकडे त्या जागी माणसांचे खांदे असतात.

पण सोरोयाला केवळ उन्हाचा आणि आनंदाचा चित्रकार म्हणणे हे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. त्याच १८९४ सालच्या दुसऱ्या एका चित्राचे नाव मोठे बोचरे आहे: ‘आणि वर म्हणतात, मासे महाग!’ होडीच्या पोटातील अंधारी जागा. एक कोवळा पोर जखमी होऊन पडला आहे. दोन वयस्क कोळी त्याला सावरून त्याची जखम बांधीत आहेत. मागे पकडलेली मासळी पडली आहे. बस्स, एवढेच. आम्ही मासे खाणारी माणसे. बाजारात विसवणाचा भाव ऐकून भुवया उंचावणे आणि दहा-वीस रुपयांसाठी कोळणीशी हुज्जत घालणे हा आमचा नित्याचा कार्यक्रम आहे. हे चित्र पाहिल्यापासून मासळीच्या बाजारात माझा आवाज आपोआप खाली येतो. १८९९ सालचे ‘दुःखद वारसा’ हे चित्र तर त्याहून जड. व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर एक धर्मगुरू अपंग, रोगग्रस्त मुलांना समुद्रस्नानासाठी घेऊन आला आहे. कुबड्यांवर रेलणारी, वाकड्या पायांची, उघडी मुले आणि समोर गडद निळा, उदासीन समुद्र. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि सोरोयाचे नाव युरोपभर झाले. तसला विषय पुन्हा त्याने हाताळला नाही. त्या वेळी त्याची स्वतःची तीन मुले लहान होती. घरी जाऊन त्यांच्याकडे पाहताना त्याला काय वाटले असेल, याची कल्पना कोणाही बापाला करता येईल.

बापाची परीक्षा पुढे व्हायचीच होती. १९०६ च्या अखेरीस थोरली मारिया क्षयाने आजारी पडली. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि प्रार्थना एवढाच उपचार. तिला माद्रिदजवळच्या एल पार्दो या वनराजीच्या ठिकाणी नेण्यात आले. सोरोयाने आपले रंग तेथे नेले. त्या काळातील एका चित्रात मारिया उघड्यावर चित्र काढीत बसलेली आहे. बाप लेकीचे चित्र काढतो आहे आणि लेक समोरच्या रानाचे! दोघांपैकी कोण कोणाला धीर देत होते, हे सांगणे कठीण. मारिया बरी झाली. १९०९ च्या उन्हाळ्यात व्हॅलेन्सियाला सोरोयाने ‘समुद्रकाठी फेरफटका’ हे चित्र काढले. आई आणि लेक, क्लोतिल्दे आणि मारिया, पांढऱ्या पोषाखांत पाण्याच्या कडेने चालल्या आहेत. एक छत्री आहे, एक हॅट आहे आणि वाऱ्याने फडकणारी झिरझिरीत ओढणी आहे. आकाश नाही, क्षितिज नाही. मागे निळेजांभळे पाणी आणि खाली वाळू. लोक या चित्राला सुंदर आणि मोहक म्हणतात. मला मात्र त्यात दोन वर्षांपूर्वीचे एल पार्दो दिसते. ज्या मुलीच्या श्वासाचा भरवसा नव्हता, ती वाऱ्याला छाती देऊन चालते आहे, हे त्या चित्रातले खरे वृत्त आहे. पण ते ज्याने काढले त्याने ते कोठेही लिहून ठेवलेले नाही.

संसार त्याच्या चित्रात होता, तसाच त्याच्या व्यवसायातही होता. घरखर्च, चित्रांचे हिशेब, पत्रव्यवहार यांची पुष्कळशी व्यवस्था क्लोतिल्दे पाही, आणि तो तिला थट्टेने आपली अर्थमंत्री म्हणे. १९०६ सालच्या बियारित्झच्या एका चित्रात ती वाळूवर बसली आहे आणि तिच्या हातात छोटासा कॅमेरा आहे. छायाचित्रकाराची कन्या ती! नवरा तिला पाहतो आहे आणि ती जगाला पाहण्याच्या तयारीत आहे. घराबाहेर असला की सोरोया तिला जवळजवळ रोज पत्र लिही, कधी पत्रातून फूल पाठवी. ही शेकडो पत्रे जपून ठेवलेली आहेत आणि प्रसिद्धही झाली आहेत.

या पत्रांपाशी मी नेहमी थबकतो. सरकारी नोकरीत बदल्या चुकत नाहीत. काही वर्षे मी काणकोणला होतो आणि बिऱ्हाड पेडण्याला. गोवा लहान खरा. पण त्याचे एक टोक आणि दुसरे टोक हे अंतर रोज काटण्याजोगे नव्हे. शनिवारी घरी यावे, सोमवारी पहाटेची बस गाठावी. रोज रात्री फोन होई. मुलीने काय खाल्ले, विहिरीचे पाणी किती खाली गेले, कोणाच्या लग्नाचे बोलावणे आले; सगळे बोलणे होई. आता मुलगी बंगळूरला नोकरी करते आणि त्या वर्षांतले एकही वाक्य आमच्याजवळ उरलेले नाही. ते बोलणे लटके नव्हते; पण तारेतून गेले आणि विरले. सोरोयाची पत्रे आणि त्याच्या त्या तळहाताएवढ्या फळ्या पाहिल्या की वाटते, त्याने आपला संसार जगता जगताच टिपून ठेवला. आमच्यासारख्यांचा संसार टिपलाच जात नाही.

आणि तरीही या माणसालाही घर दुरावले, हे मला त्याच्या चरित्रातील सर्वांत चटका लावणारे प्रकरण वाटते. १९०९ साली न्यू यॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीत त्याच्या ३५६ चित्रांचे प्रदर्शन भरले. एका महिन्यात सुमारे १,६०,००० माणसांनी ते पाहिले. त्या संस्थेचे संस्थापक आर्चर हंटिंग्टन यांनी पुढे १९११ साली त्याच्याशी एक मोठा करार केला. संस्थेच्या एका दालनाच्या चारही भिंतींवर स्पेनच्या निरनिराळ्या प्रांतांचे जीवन रंगवायचे. १४ चित्रे, सुमारे साडेतीन मीटर उंच. काम १९१९ पर्यंत चालले. या वर्षांत तो प्रांतोप्रांती हिंडला. कोठे थंडी, कोठे पाऊस, कोठे स्थानिक पोषाखातील माणसे मिळेनात. पन्नाशी उलटलेली, प्रकृती खालावलेली आणि मुलेमाणसे दूर. त्या काळातील पत्रांत थकवा आणि घरची ओढ सतत डोकावते. शेवटचे चित्र त्याने आयामोंते या गावी काढले. स्पेनच्या टोकाला, नदीपलीकडे पोर्तुगाल. विषय पुन्हा मासेमारीच.

दरम्यान माद्रिदला त्याचे नवे घर उभे राहिले होते. १९११ च्या अखेरीस कुटुंब तेथे राहायला गेले. घर आणि चित्रशाळा एकाच छपराखाली. पुढे बाग, तीत पाण्याचे हौद आणि कारंजी. बागेची आखणी त्याने स्वतः केली होती. माद्रिद समुद्रापासून दूर. म्हणून निदान पाण्याचा आवाज आणि त्यावरचे कवडसे तरी त्याने दाराशी आणले असावेत. कराराचे काम संपल्यावर या बागेत बसून निवांत चित्रे काढायची, ही त्याची आकांक्षा होती. १९२० च्या जून महिन्यात त्याच बागेत एका स्त्रीचे व्यक्तिचित्र काढीत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर कुंचला त्याच्या हातात राहिला नाही. तीन वर्षे तो तसाच जगला आणि १० ऑगस्ट १९२३ रोजी गेला. ज्या दालनासाठी त्याने आठ वर्षे दिली, ते लोकांसाठी उघडले १९२६ साली. स्वतःच्या चित्रांनी भरलेल्या त्या भिंती त्याने कधी पाहिल्या नाहीत.

पुढची गोष्ट क्लोतिल्देची. १९२५ साली तिने मृत्युपत्र केले आणि ते घर, चित्रे आणि सारे सामानसुमान स्पॅनिश राष्ट्राला देऊन टाकले. १९२९ साली ती वारली. १९३२ साली त्या घराचे संग्रहालय झाले आणि मुलगा होआकिन त्याचा पहिला संचालक झाला. मारिया चित्रकार झाली, एलेना मूर्तिकार झाली. ज्या मुलांना बापाच्या चित्रशाळेत पळायला, भांडायला आणि चित्रासाठी स्वस्थ उभे राहून कंटाळायला मुभा होती, त्यांनी बापाच्या पश्चात ती चित्रशाळा सांभाळली. दाराबाहेर ठेवलेल्या मुलांनी असे केले असते की नाही, मला सांगता येत नाही.

हे केवळ स्पेनमध्येच घडते असे नाही. आमच्या गोव्यात, सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनिओ झेवियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि तेथेच शिक्षक झाले. पत्नी फ्लोरेंतिना आणि घरातल्या मुली त्यांच्या चित्रांत वारंवार येतात. आणि त्यांची कन्या आंजेला पुढे स्वतः नामवंत चित्रकार झाली. घराला पाठ न दाखवता साधना करणारी माणसे आपल्याकडेही होती. आपण कथा मात्र घर सोडणाऱ्यांच्याच अधिक सांगितल्या.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी घरांना तर या गोष्टीचे मोल अधिक असावे. आपली भाषा, आपली रीतभात, आपल्या स्वयंपाकघरातले शब्द यांना येथे सरकारी आधार थोडा. त्यांचा खरा आधार घरच. जे घरात टिपले गेले नाही, ते आपल्या बाबतीत सहसा कोठेच टिपले जात नाही. प्रत्येक घरात चित्रकार निपजणार नाही, हे उघड आहे. पण आजीने उन्हात वाळत घातलेल्या आमसुलांचा रंग, बाळंतिणीच्या खोलीतला तो शांत उजेड, पहाटे घाटकोपऱ्यावरच्या बसला सोडायला आलेल्या बायकोचा खांद्यावरून घेतलेला पदर, हे डोळे भरून पाहणारे एक तरी माणूस घरात असावे आणि त्याने ते दोन ओळींत, चार रेघांत कोठेतरी नोंदवावे. कुंचला नसला तरी चालेल. त्या रापणकाराच्या मुलीजवळ एक जांभळा खडू होता, आणि तो पुरला.